तारकांच्या भट्टीतील कोळसा

२२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी कराडच्या परिसरावर भरदिवसा अंधार उतरला. खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजयदुर्गाकडून सह्याद्री ओलांडून, आजच्या सातारा-सांगलीच्या मुलखातून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे सरकली. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर दुर्बिणी लावून बसले होते, तर जेऊरला पुण्याचे प्रा. नायगमवाला. लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्गावरच हेलियम शोधला, असे आपल्याकडे अजून सांगितले जाते. ते खरे नव्हे. त्या वर्षी ते इंग्लंडातच होते आणि सूर्याच्या वर्णपटातील ती अनोळखी पिवळी रेषा त्यांनी तेथूनच अभ्यासली.

सूर्यात हायड्रोजनचा हेलियम होतो, हे पुढे उलगडले. पण हेलियमपासून कार्बन, म्हणजे आपल्या चुलीतला कोळसा आणि आपला देहही, कसा घडतो? दोन हेलियम अणुकेंद्रे जुळली, तर होणारे बेरिलियम सेकंदाच्या कोटी-कोटींश भागाइतकेही टिकत नाही. तेवढ्यात तिसरे हेलियम येऊन मिळावे लागते. या हिशेबाने कार्बन फारच थोडा निघत होता.

१९५३ साली केंब्रिजचे फ्रेड हॉइल कॅलिफोर्नियात पासाडेना येथे विल्यम फाउलर यांना भेटले. कार्बन विपुल आहे, अर्थी त्याच्या अणुकेंद्राला सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेची एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तेथील वॉर्ड व्हेलिंग आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनवर ड्यूटेरॉनांचा मारा केला, बाहेर पडणाऱ्या अल्फा कणांची ऊर्जा मोजली आणि ती पातळी जवळजवळ तेथेच सापडली! १९८३ चे नोबेल फाउलर यांना चंद्रशेखर यांच्यासोबत मिळाले. हॉइल मात्र वगळले गेले. आमच्या मते तो अन्यायच होता.

विश्वारंभाची कल्पना १९३१ साली मांडणारे बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र आमच्या पंगतीतले, म्हणून त्यांच्याविषयी आम्हांला विशेष जिव्हाळा. हॉइल त्यांच्या मताचे कट्टर विरोधक. ‘बिग बँग’ हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली दिले. तरीही कार्बनचे श्रेय हॉइल यांचेच, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. हायड्रोजन आणि बहुतांश हेलियम आरंभीचे, कार्बन ताऱ्यांतला, असा आजचा निवाडा आहे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर याच हॉइल यांचे शिष्य. २०२५ साली पुण्यात ते निवर्तले.

कार्बनवर आणखी एक हेलियम आदळून प्राणवायू होतो. त्या अभिक्रियेचा वेग मात्र ताऱ्यांतील ऊर्जेला प्रयोगशाळेत अद्याप थेट मोजता आलेला नाही.