डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान

जन्म : १३ एप्रिल १८९५
निधन : २९ ऑक्टोबर १९७८
कार्यक्षेत्र : विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी), कर्करोग व कुष्ठरोग संशोधन
सन्मान : पद्मभूषण (१९५५), वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक

मराठी समाजातील नामवंतांच्या परिचयमालेत आम्ही या वेळी एका पॅथॉलॉजिस्टची माहिती देत आहोत. सर्जनचे नाव घरोघरी ठाऊक असते. सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी ठेवून आजाराला नाव देणारा डॉक्टर मात्र रुग्णाला सहसा दिसतही नाही. भारतातील आधुनिक पॅथॉलॉजीचे जनक म्हणून डॉ. खानोलकरांचा आदराने उल्लेख होतो. त्यांचा स्वतःचा मुख्य अभ्यास तोंडाच्या कर्करोगाचा होता, फुप्फुसाचा नव्हे. तरीही आज आपल्या भागातला एखादा रुग्ण फुप्फुसाच्या गाठीची तपासणी करायला मुंबईला जातो, तेव्हा तो त्यांनी आखलेल्या वाटेनेच जात असतो. म्हणून हे दोन्ही विषय आम्ही एकत्र घेतले आहेत.

शिक्षण व अध्यापन

डॉ. खानोलकरांनी लंडन विद्यापीठातून १९२३ साली पॅथॉलॉजीतील एम.डी. ही पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. त्या काळी आपल्याकडे पॅथॉलॉजी हा परीक्षेपुरता विषय मानला जाई. रुग्णाच्या शरीरातून काढलेला प्रत्येक तुकडा नीट तपासावा, त्याची नोंद ठेवावी आणि त्या नोंदींतून संशोधन उभे करावे, ही शिस्त रुजवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

टाटा मेमोरियल व संशोधन केंद्र

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. खानोलकरांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येत. कोण कुठला, काय खातो, काय ओढतो, कोणते कपडे वापरतो, याचा आजाराशी काही संबंध आहे का, हे त्यांनी शोधायला घेतले.

१९४५ साली सूर्याबाई यांच्यासह त्यांनी भारतीय सवयींशी जोडलेल्या कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांवर निबंध प्रसिद्ध केला. आंध्रच्या किनारपट्टीवर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल होती. तेथे टाळूचा कर्करोग आढळे. तंबाखू-चुन्याची खैनी ओठामागे ठेवणाऱ्यांना त्याच जागी गाठ होई. धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधल्याने त्या जागच्या त्वचेचा कर्करोग होई. कर्करोग हा केवळ नशिबाचा भाग नाही, तो सवयीतूनही येतो, हे या कामाने दाखवून दिले.

१९५२ साली परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले आणि डॉ. खानोलकर त्याचे संचालक झाले. डॉ. कमल रणदिवे यांनी याच संस्थेत देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. पुढे ही संस्था टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली. खारघरचे ॲक्ट्रेक हे तिचेच आजचे रूप.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. मुंबई विद्यापीठाचे ते कुलगुरूही होते. कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांचा त्यांचा अभ्यासही महत्त्वाचा मानला जातो.

फुप्फुसाचा धागा

१९५० साली इंग्लंडमध्ये डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी आणि अमेरिकेत विंडर व ग्रॅहॅम यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकडेवारीनिशी मांडला. डॉ. खानोलकरांनी भारतात तंबाखू व तोंडाच्या कर्करोगाबद्दल जे आधीच सांगितले होते, त्याच दिशेचा हा पुरावा होता. बिडीचा धूरही यातून सुटत नाही. बिडी पानाची असते म्हणून ती सिगारेटपेक्षा बरी, हा आपल्याकडचा समज चुकीचा आहे.

पॅथॉलॉजिस्ट नेमके काय करतो?

एक्स-रे किंवा सीटी स्कॅनवर दिसतो तो डाग. तो क्षयाचा आहे, जुन्या न्यूमोनियाचा आहे की कर्करोगाचा, हे डागावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी दुर्बिणीतून किंवा छातीतून सुई घालून तुकडा काढतात. तो फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवून त्याचा ब्लॉक करतात, त्याचे अतिशय पातळ काप घेतात आणि ते काचेवर रंगवून पाहतात.

पहिला प्रश्न, कर्करोग आहे का? दुसरा, लहान पेशींचा की इतर प्रकारचा? लहान पेशींचा वेगाने पसरतो आणि त्यावर मुख्यतः केमोथेरपी व किरणोपचार करतात. इतर प्रकारांत गाठ लवकर सापडली तर शस्त्रक्रिया होऊ शकते. तिसरा प्रश्न आजच्या काळातला आहे : पेशींच्या जनुकांत कोणता बदल झाला आहे?

ईजीएफआर या जनुकातील बदल असलेल्या रुग्णांना गेफिटिनिबसारख्या गोळ्या लागू पडतात, हे २००४ साली स्पष्ट झाले. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी २०१३ साली फुप्फुसाच्या ॲडेनोकार्सिनोमाच्या ९०७ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे २३ टक्के रुग्णांत हा बदल आढळला. स्त्रियांत व धूम्रपान न करणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त होते. म्हणजे 'आमच्या आईने कधी बिडीला हात लावला नाही, तिला कसा होईल?' असे म्हणून तपासणी टाळणे योग्य नाही. उलट अशाच रुग्णांना गोळीचा उपयोग होण्याची शक्यता अधिक असते.

याच रुग्णालयाच्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा बदल असलेल्या ३५० रुग्णांचा समावेश होता. फक्त गेफिटिनिब घेणाऱ्यांत आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ साधारण ८ महिने होता. गोळीसोबत केमोथेरपी घेणाऱ्यांत तो १६ महिने झाला. दुष्परिणाम मात्र दुसऱ्या गटात जास्त होते. तेव्हा कोणाला काय द्यायचे हे डॉक्टरच ठरवतात. पण ठरवण्याचा आधार असतो तो पॅथॉलॉजीचा अहवाल.

आपल्या भागासाठी

जसोंडी असो, बुऱ्हाणपूर शहर असो वा आसपासची खेडी, आपल्याकडे शेतीची व यंत्रमागाची कामे आहेत, बिडी-तंबाखू आहे आणि क्षयही आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करावी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. क्षय निघाला तर औषधांचा कोर्स पुरा करावा. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत, केवळ डागावरून औषधे सुरू झाली आणि काही आठवड्यांत उतार पडला नाही, तर गप्प बसू नये. 'डॉक्टरसाहेब, तुकडा तपासायला हवा का?' एवढे जरूर विचारावे. थुंकीतून रक्त, आवाज बसणे, धाप, वजन घटणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत. या दिरंगाईत गेलेले महिने पुढे कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. मुंबई, इंदूर किंवा नागपूरला दुसरे मत घ्यायला जाताना फक्त कागदी रिपोर्ट नेऊ नका. जिथे बायोप्सी झाली तिथून मेणाचा ब्लॉक व काचपट्ट्या मागून घ्या आणि उन्हापासून जपून न्या. जनुकांच्या तपासण्या त्याच ब्लॉकवर होऊ शकतात. ब्लॉक घरी राहिला तर रुग्णाला परत सुई टोचून घ्यावी लागते, किंवा घरच्या कोणाला तरी गाडी पकडून माघारी यावे लागते.

डॉ. खानोलकरांनी तुकडा नीट तपासायला, नोंद ठेवायला आणि सवयींविषयी प्रश्न विचारायला शिकवले. तुकडा तपासणे डॉक्टरांचे काम आहे. नोंदी सांभाळणे आणि बिडी सोडणे हे आपल्या घराघरांतले काम आहे. नव्या पिढीतील जी मुलेमुली वैद्यकशास्त्राकडे वळत आहेत, त्यांनी पॅथॉलॉजीचाही विचार जरूर करावा, असे आम्हांला मनापासून वाटते.