वजनांत दडलेला काळ

कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरी नांवाची टेकडी आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें जीं प्राचीन नाणीं सांपडलीं, त्यांवर धनुष्यबाणाचें चिन्ह असून विळिवायकुर, शिवलकुर अशीं राजांचीं नांवें आहेत. यांपैकीं आधींचा कोण व मागाहूनचा कोण, हें सांगणारी बखर नाहीं. तें नाण्यांनींच सांगितलें. वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या कांहीं नाण्यांवर माढरीपुत्र शिवलकुरानें आपला छाप पुन्हां मारला, आणि त्या दोघांच्याहि नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुरानें. वरचा छाप मागाहूनचा, हें उघड आहे. तेवढ्यावरून क्रम लागला.

परंतु ज्या नाण्यांवर नांवच नाहीं, त्यांचें काय करावें? इसवी सनापूर्वीचीं चांदीचीं आहत नाणीं अशींच मुकीं आहेत. त्यांवर चिन्हें ठोकलेलीं असतात, अक्षर एकहि नसतें. गोव्यांत १९०७ सालीं जन्मलेले व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९४० च्या सुमारास तक्षशिलेच्या निधींतील अशा नाण्यांच्या वजनांचा अभ्यास आरंभिला. नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. प्रत्येक नाणें सारखें झिजत नाहीं. म्हणून एकट्या नाण्यावरून कांहींच ठरत नाहीं. मात्र एकाच वेळीं पाडलेल्या नाण्यांचा समूह घेतला, तर जसजसा काळ जातो तसतसें त्यांचें सरासरी वजन उतरतें, आणि वजनांतील आपसांतला फरक वाढतो. वजन दिसतें, चलनांत गेलेला काळ त्यामागें दडलेला असतो.

या दडलेल्या अंकाचे दोन गुण ध्यानांत ठेवावे. सरासरी वजनांत थोडा फरक पडला तर काळांतहि थोडाच पडतो. मध्येंच उडी नाहीं कीं खड्डा नाहीं. हा सलगपणा. दुसरा गुण असा कीं, त्या अंकाचा अर्थ सांगतां येतो. कोसंबींनीं तो नुसता गृहीत धरला नाहीं. त्यांनीं चालू चलनांतील सालवार पाडलेलीं हजारों नाणीं तोलून झिजेचा नियम पडताळला. शिवाय आहत नाण्यांच्या मागल्या बाजूवरील खुणा जितक्या अधिक, तितकें सरासरी वजन कमी, असें त्यांना आढळलें. त्या खुणा वेळोवेळीं नाणें पारखणाऱ्यांच्या असाव्या, असा त्यांनीं निष्कर्ष काढला.

१९४३ सालीं इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकांत त्यांनीं याहून व्यापक प्रश्न हातीं घेतला. एका संख्येऐवजीं एक संबंध वक्ररेषा घ्यावी. उदाहरणार्थ, पंचगंगेच्या पाण्याची वर्षभरांतील उंची. रोजची एक अशा ३६५ संख्या झाल्या. पण अनेक वर्षांच्या रेषा शेजारीं ठेवल्या म्हणजे, पाऊस एकंदर किती, लवकर कीं उशिरां, अशा थोड्याच गोष्टींनीं त्यांतील पुष्कळसा फरक उलगडावा. बदलत्या रेषांतून परस्परांशीं असंबद्ध असे मूळ घटक वेगळे काढण्याची रीत कोसंबींनीं दिली. पुढें कार्हुनेन व लोएव्ह यांनीं स्वतंत्रपणें तेंच तत्त्व मांडलें, आणि नांव बहुधा त्या दोघांचेंच राहिलें.

आजचा ऑटोएन्कोडर याच वंशांतला. १९८६ सालीं रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांनीं शिकवणीची जी रीत रूढ केली, तिच्या बळावर कृत्रिम मज्जातंतूंचें असें जाळें रचतां येतें कीं, चित्र एका टोंकानें आंत जातें, मधल्या चिंचोळ्या भागांत थोड्या संख्यांत आवळलें जातें, आणि दुसऱ्या टोंकास तेंच चित्र पुन्हां उभें करावें लागतें. त्या मधल्या संख्यांचा प्रदेश म्हणजे सुप्त अवकाश. जाळें सरळ प्रमाणांतच चालणारें असेल, तर त्यास जुन्या रीतीचाच अवकाश सांपडतो. मात्र त्याचे अक्ष तेच असतील असा नेम नाहीं.

जाळ्यास वळणें घेण्याची मुभा दिली म्हणजे त्याची शक्ति वाढते, पण सलगपणा जाण्याचें भय असतें. नव्या व झिजलेल्या नाण्याच्या सुप्त बिंदूंमधला बिंदु उलगडावा, तर अर्धवट झिजलेलें नाणें न येतां भलताच डाग समोर येतो. २०११ सालीं रिफाई प्रभृतींनीं, चित्र किंचित् बदलतांच सुप्त संख्या फार हलल्या तर जाळ्यास दंड, असा नियम घातला. २०१३ सालीं किंगमा व वेलिंग यांनीं प्रत्येक चित्रास बिंदूऐवजीं लहानसा ढग दिला आणि सारे ढग एका मध्याकडे ओढून धरले. ते एकमेकांत मिसळून मधले खड्डे बुजले. २०१७ सालीं हिगिन्स प्रभृतींनीं, एका अक्षावर एकच गुण यावा म्हणून ही ओढ वाढविली. त्याची किंमत चित्रांच्या धूसरपणानें द्यावी लागली.

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. रोग्याच्या छातीचें क्षकिरणचित्र पाहून यंत्र मत देऊं लागलें, तर त्याच्या पोटांतील संख्यांचा अर्थ ठाऊक असल्यावांचून तें कशामुळें चुकलें हें वैद्यानें ओळखावें कसें? २०१९ सालीं लोकाटेलो प्रभृतींनीं सिद्ध केलें कीं, बाहेरचें कांहीं गृहीत वा कांहीं खूण हातीं असल्यावांचून, केवळ सामग्रीवरून अक्षांस अर्थ येईलच अशी हमी देतां येत नाहीं. सलगपणा जाळ्यास शिकवितां येतो. अर्थासाठीं साक्ष लागते. ब्रह्मपुरीच्या नाण्यांस ती दुसऱ्या छापानें दिली. आहत नाण्यांसाठीं ती मिळावी म्हणून एका गणितज्ञानें बाजारांतलीं हजारों नाणीं एकेक करून तोललीं.