घरातल्या नेटवर्क केबलचा पूर्वज

घराच्या भिंतीतून जाणारी नेटवर्क केबल ही थेट टेलिफोनच्या तारेची वारसदार आहे. सुरुवातीच्या टेलिफोनला एकच तार असे. परतीचा मार्ग म्हणजे जमीन. शेजारून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांमुळे आणि पुढे ट्रामच्या विजेमुळे या एकेरी तारेवर सतत खरखर येई. १८८१ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी दोन तारा एकमेकींभोवती पिळून घेण्याचे पेटंट मिळवले. पीळ असला की बाहेरचा त्रास दोन्ही तारांना जवळपास सारखाच होतो आणि पलीकडच्या टोकाला फक्त दोन्हींतला फरक घेतला जात असल्याने तो आपोआप वजा होतो. आजची केबलही याच तत्त्वावर चालते.

संगणकांचे जाळे मात्र दुसऱ्याच तारेवर सुरू झाले. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून उभारलेले इथरनेट टीव्हीच्या केबलसारख्या कोअॅक्सियल तारेवर होते. पुढे बोटाएवढी जाड, सहसा पिवळी केबल रूढ झाली. तिला टोचून जोड काढावा लागे. नंतरची बारीक केबल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि मधला एक जोड निसटला तरी सगळे जाळे बंद पडे. अशी तार घरात टिकणे कठीणच होते.

तोडगा अमेरिकी कार्यालयांच्या भिंतींत आधीच पडून होता. तिथे टेलिफोनसाठी टाकलेल्या तारांच्या जास्तीच्या जोड्या प्रत्येक टेबलापासून एकाच खोलीत येऊन मिळत. १९९० च्या टेन-बेस-टी मानकाने इथरनेट याच जोड्यांवर आणले. राउटर किंवा स्विचपासून प्रत्येक खोलीला स्वतंत्र केबल नेण्याची पद्धत त्या मांडणीतून आली. घरांच्या तारजोडणीसाठीचे अमेरिकी मानक १९९१ मध्ये आले.

टेलिफोनचा हा वारसा केबलचे टोक सोलले की दिसतो. आतल्या आठ तारा पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी अशा क्रमाने जॅकमध्ये बसवतात. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन दुभंगते, कारण मधल्या दोन पिना टेलिफोनच्या पहिल्या लाइनसाठी ठरलेल्या होत्या. नवख्या माणसाला हा क्रम उगाच किचकट वाटतो. त्यामागे जुन्या फोनची सोय आहे. पीळही फार उलगडून चालत नाही. कॅट-५ई या प्रकारच्या केबलमध्ये तो टोकाशी १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सुटा ठेवू नये असा नियम आहे.

भारतात विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तीही टेलिफोनच्याच तारेवरून. पुढे मुंबई-पुण्यात केबलवाल्यांनी गच्च्यांवरून आणि जिन्यातून नेटवर्क केबल ओढून ब्रॉडबँड घराघरांत नेले. आता दारापर्यंत फायबर येते आणि आत वाय-फाय पुरेसे मानले जाते. पण काँक्रीटच्या भिंती ओलांडताना ते क्षीण होते. म्हणून घराचे काम निघाले की विजेच्या वायरिंगपासून वेगळा एक पाइप प्रत्येक खोलीपर्यंत टाकून घ्यावा. प्लास्टर झाल्यावर तेच काम भिंत फोडून करावे लागते.