हनुवटीखालची दोन बोटं

पाठीला बाळ बांधलेली बाई म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी झाशीची राणी उभी राहते. उधळलेला घोडा, हातात तलवार आणि पाठीशी शेल्यात बांधलेलं मूल. शाळेच्या गॅदरिंगमध्ये राणी झालेल्या मुलीच्या पाठीला प्लॅस्टिकची बाहुली बांधलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. खरं तर दामोदररावांना नोव्हेंबर १८५३ मध्ये दत्तक घेतलं, तेव्हाच ते साधारण पाच वर्षांचे होते. एप्रिल १८५८ मध्ये राणीनं झाशी सोडली तेव्हा तो चांगला नऊ-दहा वर्षांचा मुलगा होता. चित्रकारांनी त्याला तान्हं करून टाकलं. पण आपल्या मनात ही गोष्ट कशी बसली आहे बघा. पाठीला मूल बांधणं म्हणजे लढाईच्या प्रसंगी करायचा पराक्रम! अर्ध्या जगात मात्र बायका मूल पाठीला बांधून पाणी भरतात, बाजार करतात, शेत नांगरतात, आणि त्यांचा पुतळा कुणी उभारत नाही.

आज मी याच विषयावर बोलणार आहे. कवीनं या विषयात का पडावं, असं कुणी विचारील. तर त्याचं कारण माझी नात आहे. ती पाच आठवड्यांची असताना मी आणि माझी पत्नी पुण्याला मुलाकडे गेलो होतो. मुलानं ऑनलाइन मागवलेलं कॅरियर छातीला बांधलं, त्यात बाळ ठेवलं आणि मोठ्या कौतुकानं आमच्यासमोर उभा राहिला. "अब्बा, कैसा है?" मी म्हटलं, छान. पत्नी मात्र उठली, जवळ गेली आणि म्हणाली, "अरे, पहले उसकी ठुड्डी तो देखो!" ठुड्डी म्हणजे हनुवटी. ती छातीला टेकली होती. बाळ शांत झोपलं आहे असं आम्हा दोघा पुरुषांना वाटत होतं.

त्या दिवसापासून मी या कापडाच्या इतिहासाच्या मागे लागलो.

मूल अंगाला बांधण्याची रीत किती जुनी, याचं उत्तर कापडाला देता येत नाही, कारण कापड कुजतं. पण चित्रं राहतात. इटलीतल्या पादुआ शहरात जोत्तो या चित्रकारानं १३०५ च्या सुमारास एका प्रार्थनागृहाच्या भिंती रंगवल्या. त्यात हजरत मरियम गाढवावर बसून इजिप्तकडे निघाल्या आहेत आणि बाळ येशूला त्यांनी गळ्यात बांधलेल्या पट्ट्याचा आधार दिला आहे. म्हणजे युरोपलाही ही रीत ठाऊक होती. मेक्सिकोत रेबोझो नावाची लांब ओढणी, जपानमध्ये ओंबुहिमो, कोरियात पोदेगी, उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट बायकांच्या अमाउती कोटाला तर पाठीवर बाळासाठी वेगळी पिशवीच. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवरच्या बायका फडक्यात बाळ बांधून नेतात. बाकी आपला भर कडेवर घेण्यावर आणि झोळीवर.

युरोपनं ही रीत मध्येच सोडली. १७३३ मध्ये विल्यम केंट यानं ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. पुढच्या शतकात ती बाबागाडी होऊन मध्यमवर्गापर्यंत पोचली. त्यात १८९४ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर ल्यूथर एमेट होल्ट यांचं बालसंगोपनाचं पुस्तक आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाशी खेळूसुद्धा नये, असं त्यांचं मत. बाळ अंगाला बांधणं हे गरिबांचं, मागासांचं लक्षण ठरलं.

आणि मग, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, अॅन मूर नावाची बालरोग परिचारिका पीस कोअरमधून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात गेली. तिथल्या आया मुलं पाठीला बांधून दिवसभर काम करत आणि मुलं किती निवांत असत, हे तिनं पाहिलं. अमेरिकेत परतल्यावर तिला मुलगी झाली. तिनं टोगोच्या बायकांसारखी शालीत मुलगी पाठीला बांधली, आणि मुलगी सारखी घसरायला लागली!

मला या साऱ्या इतिहासात हा क्षण सगळ्यात मोलाचा वाटतो. शाल तीच, पाठ तशीच, बाळही तसंच. नव्हतं ते गाठ बांधायला शिकवणारं माणूस. टोगोतली मुलगी लहानपणी धाकट्या भावंडांना पाठीवर घेऊनच वाढते. कुठे आवळायचं, कुठे सैल सोडायचं, मागे न वळता बाळाचा श्वास कसा ओळखायचा, हे तिच्या अंगात उतरतं. अॅन मूरजवळ ते नव्हतं. तेव्हा तिनं ओहायोत राहणाऱ्या आपल्या आईला, ल्यूसी ऑकरमन यांना, पट्टे असलेली पिशवी शिवायला सांगितली. मायलेकींनी ती सुधारत नेली, १९६९ मध्ये पेटंट मिळवलं आणि नाव ठेवलं स्नगली. सुरुवातीची वर्षं ओहायोतल्या खेड्यांतल्या बायका घरी बसून त्या पिशव्या शिवत. १९८५ मध्ये त्यांनी हा धंदा विकून टाकला.

तिकडे जर्मनीत एरिका हॉफमन यांनी जुळ्या मुलींना लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कापडात गुंडाळलं आणि १९७२ मध्ये तसली कापडं विणून घ्यायला सुरुवात केली. आम्ही सोलापूरची माणसं, त्यामुळे कापडाचं मला विशेष वाटतं. या कापडाची वीण अशी, की ते आडवं-उभं ताणलं जात नाही, तिरकं मात्र थोडं देतं. म्हणजे अंगाला धरून राहतं, पण लोंबत नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनमधून छातीवरचं कॅरियर बाजारात आलं, १९८१ मध्ये हवाईत रेनर गार्नर यांनी दोन कड्यांची झोळी केली. कापड असं दुकानात आलं. त्याच्याबरोबर आजी मात्र आली नाही.

त्याचा हिशेब २०१० मध्ये समोर आला. त्या मार्चमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं जाहीर केलं, की मागच्या वीस वर्षांत झोळीसारख्या कॅरियरशी संबंधित १४ बाळांचे मृत्यू त्यांच्या नोंदीत आहेत. त्यांतली १२ बाळं चार महिन्यांच्या आतली होती. त्याच महिन्यात एका कंपनीनं दहा लाख झोळ्या परत मागवल्या. त्या खोलगट पिशवीसारख्या होत्या. बाळ तळाशी जाऊन धनुष्यासारखं वाकत असे.

हे घडतं कसं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान कच्ची. हनुवटी छातीवर टेकली की मऊ श्वासनलिका, पाण्याची रबरी नळी दुमडावी तशी, दुमडते. किंवा नाक-तोंड कापडात वा आईच्याच अंगात दाबलं जातं. पहिल्या काही महिन्यांत बाळाला मान फिरवून सुटका करून घेता येत नाही. ते रडतही नाही, कारण रडायलाही श्वास लागतो. म्हणून शांत बाळ पाहून निर्धास्त होऊ नये. आमची चूक तीच झाली होती.

मग कॅरियर घ्यायचं कसं? सगळ्यात आधी चिठ्ठीवरचं किमान वजन वाचा. पुष्कळ परदेशी कॅरियरवर ते ३.२ किंवा ३.५ किलो असतं. आपल्याकडे पूर्ण दिवसांचं बाळही पुष्कळदा पावणेतीन किलोच्या आसपास जन्मतं. तेव्हा 'नवजात बाळासाठी' असं खोक्यावर छापलेलं असलं, तरी ते आपल्या नवजात बाळासाठी असेलच असं नाही. बाळ दिवस भरण्याआधी झालेलं असेल, वजन कमी असेल किंवा सर्दीनं श्वास घुरघुरत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधूच नका. (अशा बाळांना कातडीला कातडी लावून छातीशी धरण्याची 'कांगारू' पद्धत १९७८-७९ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाली आणि आज जगभर मानली जाते. पण ती दवाखान्यात शिकवून सुरू करतात. बाजारातल्या कॅरियरशी तिची गल्लत नको.) पिशवीसारखं खोल, बाळ आडवं ठेवायचं कॅरियर तान्ह्यासाठी नकोच. बाळ उभं, छातीला छाती लावून राहील असं घ्या. बसण्याची पट्टी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत रुंद हवी, म्हणजे बाळ बेडकासारखं बसतं, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर. हे खुब्यासाठी. उत्तर अमेरिकेतल्या ज्या मूळ रहिवासी जमाती बाळाचे पाय सरळ करून फळीला बांधत, त्यांच्यात खुबा निखळण्याचं प्रमाण बरंच आढळलं. पाय फाकवून पाठीवर नेणाऱ्या आफ्रिकी समाजांत तो आजार क्वचित दिसतो.

बांधताना कापड घट्ट. आपण वाकलो तर बाळ अंगापासून सुटता कामा नये, आणि वाकायचं ते गुडघ्यांत, एक हात बाळामागे धरून. तोंड सतत दिसलं पाहिजे, मान खाली केली की कपाळाचा मुका घेता आला पाहिजे. बाळाच्या हनुवटीखाली आपली दोन बोटं आडवी सहज बसली पाहिजेत. पाठीला आधार हवा. त्यातच दूध पाजलंत, तर पाजून झाल्यावर पुन्हा उभं करा, पदर तोंडावरून काढा. मान पूर्ण धरायला लागेपर्यंत तोंड बाहेरच्या बाजूला करू नका. गॅसजवळ जाऊ नका, हातात गरम चहा नको. उन्हाळ्यात दोन अंगांची ऊब एक होते, म्हणून बाळाला एकच पातळ झबलं पुरे.

आणि स्कूटरवर? कॅरियर म्हणजे वाहनातला सुरक्षा पट्टा नव्हे. ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलांना दुचाकीवर नेताना वेगळा सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट लागेल, वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाला. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला तर मी दुचाकीवर नेणारच नाही, मग नियम काही म्हणो.

हे सगळं ऐकून 'आमची झोळीच बरी' असं कुणी म्हणू नये. माझी आई सोलापुरात घरी विड्या वळायची. आढ्याच्या कडीला जुन्या लुगड्याची झोळी, तिची दोरी आईच्या पायाच्या अंगठ्याला. त्या झोळीतही बाळ वाकतंच. फरक एवढाच, की दर थोड्या वेळानं आई उठायची, तंबाखूचे हात पदराला पुसायची आणि बोटाची पाठ बाळाच्या नाकाखाली धरायची. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पत्नीनं ते माझ्या आईकडूनच उचललं असणार.

पुण्याला त्या संध्याकाळी मी चश्मा लावून कॅरियरची चिठ्ठी वाचली. किमान वजन साडेतीन किलो. नातीचं वजन होतं सव्वातीन. मुलगा जरा हिरमुसला, पण त्यानं कॅरियर घडी करून कपाटात ठेवलं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा निघालं. या वेळी सूनबाईनं पट्टे आवळले आणि मुलानं आधी आपली दोन बोटं बाळाच्या हनुवटीखाली घालून पाहिली. मग दोघं भाजी आणायला गेली. पत्नी बरोबर गेली होती. कोपऱ्यापर्यंत जाईतो तिनं त्यांना तीनदा थांबवलं म्हणे.