भौतिक नकाशा, जीनोमचा
जीनोमचा क्रम वाचण्यापूर्वी त्याच्या डीएनए-तुकड्यांचे क्लोन गुणसूत्रावरील मूळ ओळीत लावून केलेला नकाशा. जॉन सल्स्टन व ॲलन कूल्सन यांनी केंब्रिजमध्ये सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या जेमतेम १ मिमी. लांबीच्या सूत्रकृमीचा असा नकाशा तयार केला. प्रत्येक कॉस्मिड क्लोन (जीवाणूंत वाढवलेला सुमारे ४० हजार बेस जोड्यांचा तुकडा) विकरांनी कापायचा, तुकडे जेलवर लांबीनुसार वेगळे करायचे आणि क्ष-किरण फिल्मवर उमटलेल्या पट्ट्या, म्हणजे त्या क्लोनचा जणू अंगठ्याचा ठसा, संगणकात नोंदवायच्या. एखाद-दुसरी पट्टी योगायोगानेही जुळते. पुष्कळ जुळल्या तरच दोन क्लोन एकमेकांवर अंशतः येतात असे धरायचे. अशा सलग साखळीला ‘कॉन्टिग’ म्हणतात. काम चिकाटीचे, काहीसे कंटाळवाणेही. खरी डोकेदुखी मात्र साखळ्यांमधील खिंडारांची होती. काही तुकडे जीवाणूंत वाढतच नसत. यीस्टमधील कृत्रिम गुणसूत्रांत मावणाऱ्या लांब क्लोनांनी १९८८ पर्यंत त्यांतील बरीच खिंडारे सांधली. मानवी जीनोमसाठी पुढे जीवाणूंतील कृत्रिम गुणसूत्रे (बॅक) वापरली गेली. सूत्रकृमीचा सुमारे ९.७ कोटी जोड्यांचा क्रम डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुपेशीय प्राण्यांतील तो पहिलाच.