उतलेला बिब्बा आणि परिटाची खूण

शिरूर अनंतपाळला आमचे घर परिटाचे. आजोबांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचे बोट कायम काळे, भेगाळलेले असे. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकावर आलेला रस सदऱ्याच्या गळपट्टीला आतून टेकवायचा, वर चुना लावायचा. कुणाच्या घराला दोन ठिपके, कुणाला फुली. कापड विरले तरी ती खूण जात नसे. घाटावर शंभर सदरे एकत्र वाळत असले तरी आजोबांचा हिशेब चुकला नाही. मात्र एखाद्याची मान उतली की बोलणी त्यांनाच खावी लागत.

या बोलण्यांचा माग काढता काढता मी 1943 सालापर्यंत पोचलो. महायुद्धासाठी हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, नेमक्या गळपट्टीखाली, खाज आणि फोड येऊ लागले. लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तीन डॉक्टरांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला आणि कारण दाखवले ते कपड्यावरची बिब्ब्याची खूण.

अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची रानवेल आहे. तिचा चीक लागला की कातडी फोडांनी भरते. ही वेल आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. आंबा आणि काजूही त्याच घरचे. वेलीतल्या दाहक द्रव्याला उरुशिओल म्हणतात, बिब्ब्यातल्याला भिलावानॉल. दोघांची घडण इतकी जवळची की मायदेशी वेलीने एकदा दुखावलेली कातडी इथे बिब्ब्यालाही ओळखते. पहिल्या स्पर्शाला बहुधा काही होत नाही. शरीर ते लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी एक-दोन दिवसांनी फोड उठतात. म्हणूनच नेमके कशाने उतले हे माणसाला उमगत नाही आणि दोष भलत्याला लागतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. अमरकोशात बिब्ब्याला अरुष्कर म्हटले आहे, म्हणजे व्रण करणारा. दुसरे नाव अग्निमुखी. चरकाने त्याला रसायनात मानाचे स्थान दिले, पण तो अग्नीसारखा तीक्ष्ण असल्याची सूचना देऊनच. इंग्रजी अमदानीतल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तर बिब्ब्याचा रस लावून खोटे मुके मार उठवायचे आणि शत्रूवर फिर्याद ठोकायची, हा प्रकार नोंदला आहे. फोडाच्या कडेला खाज असते, खऱ्या माराला नसते, यावरून डॉक्टर ते ओळखत.

इंग्रजांनी जांघेतल्या गजकर्णालाही ‘धोबी इच’ असे नाव दिले होते. ते बुरशीचे दुखणे. घाम आणि घट्ट कपडे यांनी वाढणारे. त्यात खुणेचा काही संबंध नाही. मानेचा दोष आमचा, मान्य. पण जांघेचा दोष आमच्या माथी मारला, हे मला अजून खटकते. आणि वर सांगितलेल्या लेखातल्या दुखण्याला धोब्याचे नाव आहे, पण रस ज्याच्या बोटांना रोज लागत होता त्याच्या बोटांकडे कोण पाहतो?

मला स्वतःला बिब्बा उतला तो दहाव्या वर्षी. टाचेत काटा मोडला, चुलतीने तापलेल्या बिब्ब्याचा चटका दिला. तिसऱ्या दिवशी पाऊल घोट्यापर्यंत सुजले. आजोबांनी खोबरे वाटून लावले. गार वाटले, एवढेच. खरा उपाय आधीचा असतो: रस लागताच लगेच भरपूर पाण्याने आणि साबणाने धुणे, नखांखालूनही. रस लागलेली सुई, फडके, कपडे धुतल्याखेरीज हाताळू नयेत. बिब्बे जाळून धुरात उभे राहू नये. धूर डोळ्यांना आणि छातीला बाधतो. फोड फुटून पाणी आले तर त्या पाण्याने दुखणे पसरत नाही, तेव्हा रोग्याला बाजूला बसवण्याचे कारण नाही. चेहरा सुजला किंवा श्वास अडला तर मात्र थेट दवाखाना, आणि डॉक्टरला बिब्ब्याचे नाव सांगावे.

बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायका हातांना तेल लावून, राख चोळून बसतात. विष सालीत असते, आतला गर गोड. हिवाळ्यात आमच्या घरी त्याचे लाडू होतात. आजोबा ते खात, पण गोडंबी नीट निवडलेली आहे की नाही, हे अंगठ्याने चाचपून पाहिल्याशिवाय नाही.