संरक्षण दोन्हीकडे होतं, मग फरक कुठे पडला?

‘दक्षिण कोरियाने संरक्षण दिलं, म्हणून ह्युंदाई उभी राहिली’ असं वाक्य तुमच्या संशोधन प्रस्तावात असेल, तर जरा थांबा. परदेशी गाड्यांना आडकाठी आपल्याकडेही होती. कुर्ल्याची पद्मिनी त्याच आडोशाने वर्षानुवर्षं फारशी न बदलता विकली गेली. म्हणजे हे एकच कारण पुरत नाही.

आता कोरिया बघा. १९६१ च्या लष्करी उठावानंतर पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने बँका ताब्यात घेतल्या. स्वस्त कर्ज कोणाला, हे सरकार ठरवू लागलं आणि त्या बदल्यात निर्यात मागू लागलं. १९६८ पासून फोर्डची कॉर्टिना जोडणाऱ्या ह्युंदाईने १९७५ च्या अखेरीस स्वतःची ‘पोनी’ काढली. रेखाटन इटलीच्या जुजारोचं, इंजिन मित्सुबिशीचं. १९७६ मध्ये ती इक्वाडोरला गेलीसुद्धा!

पण सरकारच सर्वशक्तिमान होतं, असंही लिहू नका. १९८० मध्ये त्याने ह्युंदाई आणि जनरल मोटर्सची भागीदारी असलेली सेहान यांचं विलीनीकरण करायचं ठरवलं; ते फिसकटलं.

तेव्हा ‘संरक्षण होतं का?’ एवढंच विचारू नका. ‘कोणत्या अटीवर होतं, आणि अट मोडली तर काय व्हायचं?’ हे विचारा. तुलना तिथून सुरू होते.